महाडचा पाऊस, माणदेशचे ऊन

दरवर्षी 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला आपल्या समाजातील हजारो कुटुंबे महाडला जातात. कोणी एसटीने, कोणी वस्तीतून टेम्पो करून, कोणी कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावर उतरून. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायचा, क्रांतिस्तंभाला अभिवादन करायचे, स्टॉलवरून मुलांसाठी एखादे पुस्तक घ्यायचे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे, असा आपला रिवाज. पण हे दोन्ही दिवस कोरड्या ऋतूतले. आषाढातले महाड आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिले आहे. तेथून सह्याद्री ओलांडून त्याच दिवशी खटाव-माणच्या उन्हात उतरणारे तर त्याहूनही थोडे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तो प्रवास केला. आमच्या मंडळातर्फे महाड तालुक्यातील एका वस्तीत शाळेच्या मुलांना वह्या वाटायच्या होत्या आणि आमच्यापैकी दोघांचे नातेवाईक खटाव तालुक्यात. शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडली, घाट चालू असल्याची आगारात खात्री करून घेतली आणि दोन कुटुंबे व चार शाळकरी मुले घेऊन निघालो. वर्षावास सुरू होऊन आठवडा झाला होता. मुलांनी वाटभर एकच प्रश्न लावून धरला: इथे एवढा पाऊस आणि तिथे का नाही? प्रश्न मुलांचा असला तरी त्याचे उत्तर आपल्या समाजाच्या इतिहासाशी जोडलेले आहे, असे आम्हाला पुढे पुढे जाताना दिसत गेले.

तळ्याकाठचा पाऊस

महाडला आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा पाऊस सरळ उभा कोसळत होता. छत्रीचा उपयोग नव्हता. चवदार तळे काठोकाठ भरले होते आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यावरून पाणी ओघळत होते. महाड भागात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे पडलेले सारे पाणी न वाहता, न मुरता जागीच राहिले, तर तीन मीटर उंच साचेल. एका मजल्याच्या घराएवढे!

अशा या पाण्याच्या गावात 1927 साली आपल्या माणसांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. मुंबई कायदेमंडळाने 1923 साली बोले यांचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेने 1924 साली तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, पण दोन्ही ठराव कागदावरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि पाठोपाठ हजारोंनी. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले आणि शेण, गोमूत्र, दही घातलेल्या घागरी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. कोर्टातला दावा पुढे दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी आपल्या बाजूने निकाल दिला.

तळ्याच्या पाण्यावर पडणारा पाऊस बघत आमच्यातली आठवीतली मुलगी म्हणाली, "काका, हे पाणी तर वरून येतंय. मग ते यांचं कसं झालं?" आम्ही तिला म्हटले, "बाळा, हाच प्रश्न बाबासाहेबांनी विचारला."

गंधारपालेची लेणी

महाडजवळ महामार्गालगतच्या डोंगरात गंधारपालेची बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेणी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेली. 20 मार्चच्या गर्दीत तिकडे जायला वेळ मिळत नाही, पण प्रत्येकाने एकदा तरी जावे. पायऱ्या निसरड्या असल्याने पावसात जपून चढावे लागते.

वर पोहोचल्यावर भिक्खूंनी ही जागा का निवडली ते कळते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी चारिका थांबवून एका जागी राहावे, असा भगवान बुद्धांनी नियम घालून दिला. हाच वर्षावास. या काळात रस्ते चिखलाने भरतात, नद्या फुगतात, पिकांची कोवळी रोपे आणि लहान जीव पायाखाली येतात. म्हणून डोंगराच्या पोटात निवारा. अशा लेण्यांत पाणी साठवायला खडकात टाकी खोदत. त्यांना पोढी म्हणतात. पावसाळ्यात भरून घ्यायचे आणि उन्हाळ्यात पुरवायचे. पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची, हे गणित त्या काळच्या आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

लेण्याच्या ओसरीत बसून समोर पाहिले तर सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांची खोरी पसरलेली. त्यांच्या मागे सह्याद्रीची भिंत, अर्धी ढगात बुडालेली. तेथेच मुलांना पावसाचा पाठ सांगायला बसलो.

पाऊस पडतो कसा

एप्रिल-मे महिन्यांत उत्तर भारताची जमीन प्रचंड तापते. तिच्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर जाते, तेथे हवेचा दाब कमी होतो. दक्षिणेकडे हिंदी महासागरावर त्या वेळी दाब जास्त असतो. हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. म्हणून विषुववृत्ताच्या पलीकडून वारे निघतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. येताना समुद्राची वाफ पोटात घेऊन येतात. हेच नैऋत्य मोसमी वारे.

पण वाफ भरलेली हवा आली म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. ती थंड व्हावी लागते. सह्याद्रीची भिंत आडवी आली की वाऱ्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते आणि फुगताना थंड होते. सायकलची ट्यूब सोडताना व्हॉल्व्हमधून येणारी हवा बोटाला गार लागते ना? आणि पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो ना? हवा मोकळी झाली की गार होते, दाबली गेली की गरम होते. महाडचा पाऊस आणि माणदेशचे ऊन या दोन्हींची किल्ली या एका वाक्यात आहे. हजार मीटर वर गेल्यावर हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड असते. थंड हवेत वाफ कमी मावते. जास्तीच्या वाफेचे थेंब होतात, ढग बनतो, पाऊस कोसळतो.

हे ऐकत शेजारी बसलेल्या आमच्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे यात देवाचं काहीच नाही?"

मावशी, नाही! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा उलगडा केला आहे. ऋतू क्रमाने येतात-जातात, त्यामागे एक व्यवस्था आहे, तिला ऋतुनियम म्हणतात. ती कोणा ईश्वराच्या मर्जीवर चालत नाही. माणसामाणसांतल्या व्यवहाराची व्यवस्था वेगळी, तो कर्मनियम. तिचा चांगलेवाईटपणा माणसाच्या कृतीवर अवलंबून आहे, दुसऱ्या कोणावर नाही. पाऊस कुठे पडतो हा ऋतुनियम झाला. पडलेले पाणी कोणाला मिळते हा कर्मनियम. पुढच्या सबंध प्रवासात आम्ही या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शिकलो.

घाट चढताना

दुपारी वह्यावाटप झाले. वस्ती डोंगराच्या उताराला. मुलांच्या तोंडावर आनंद होता, पण थोरांचे डोळे सारखे वरच्या कड्याकडे जात होते. याच महाड तालुक्यातील तळीये येथे 22 जुलै 2021 रोजी डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पुरात महाड शहरातही घराघरांत पाणी शिरले. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पाण्यात गेल्या. वस्तीतल्या एका आजी आम्हाला म्हणाल्या, "रात्री पावसाचा आवाज वाढला की आम्ही पोरांना उठवून बसवतो. झोपायचं कसं?" या वाक्यापुढे आमची वह्यांची मदत फार लहान वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढलो. पाऊस होताच. वळणावळणावर धबधबे रस्त्यावर पडत होते, धुक्यात पुढचे वळण दिसत नव्हते. चालकमामांचे हात आणि डोळे तेवढे आमचे आधार. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर. खाली महाडला घाम येत होता, वर मुलांनी दात वाजवत शाली मागून घेतल्या. शिकवलेला धडा अंगावर आला!

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. जुलै 2021 च्या त्या पुराच्या वेळी तेथे एका दिवसात 594 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. आकडा नुसता वाचून कळत नाही, म्हणून हिशेब करून सांगतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या छपरावर त्या एका दिवसात साडेपाच हजार लिटर पाणी पडले असते. दोनशे लिटरची सत्तावीस पिंपे! एवढे पाणी सावित्रीच्या खोऱ्यात उतरले तर खाली महाडचे काय होणार?

याच डोंगरातून सावित्री पश्चिमेला महाडकडे जाते आणि कृष्णा पूर्वेला वाईकडे. एकाच पठारावर पडलेले पाणी, थोडे इकडे घसरले तर अरबी समुद्रात, थोडे तिकडे घसरले तर बंगालच्या उपसागरात.

पर्जन्यछायेत

महाबळेश्वर ते पाचगणी हे जेमतेम वीस किलोमीटरचे अंतर. पण पाचगणीला पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास राहतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलो तेव्हा पाऊस थांबला होता. वाईला वर्षाकाठी सातशे-आठशे मिलीमीटर. खटाव आणि माण तालुक्यांत तर साडेचारशे-पाचशेच्या आसपास. म्हणजे महाबळेश्वरला 2021 साली एका दिवसात जेवढा पाऊस पडला, तेवढा दहिवडीकडच्या माणसाला वर्षभरातही मिळत नाही.

कारण तेच, फक्त उलटे. डोंगर ओलांडून आलेला वारा पाणी सांडून रिकामा झालेला असतो. तो उतरू लागतो, दाबला जातो, गरम होतो. गरम हवेत वाफ पुन्हा मावू लागते, ढग विरतात. याला भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया म्हणतात. छाया म्हणायची, पण तिच्यात ऊन! खटावच्या आमच्या तात्यांनी त्याचे नेमके वर्णन केले: "पाऊस डोंगरापल्याड मुक्कामाला असतो. आमच्याकडं नुसता ढगांचा जथा जातो, बघून घ्या म्हणतो."

साताऱ्याची शाळा आणि गोरेगावची वाट

दुपारी साताऱ्यात उतरलो. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई यांचे 1896 साली येथेच निधन झाले. राजवाड्यातील शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलांना ती शाळा दाखवली आणि तेथून मुद्दाम वाट वाकडी करून पुणे-मिरज मार्गावरील मसूर स्थानकाकडे गेलो. नातेवाइकांनी आमच्यासाठी जीप पाठवली होती.

1901 साली याच स्थानकावर चार मुले उतरली होती. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची दोन मुले. उन्हाळ्याची सुटी, नवे कपडे, पहिलाच रेल्वेप्रवास. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरीला होते. त्यांच्याकडे मुले निघाली होती. पण पत्र वेळेवर न पोहोचल्याने त्यांना न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तोही मुलांनीच बैल हाकायचे आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. बरोबर जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. ओढ्याचे पाणी गुराढोरांच्या शेणामुताने खराब झालेले, आणि जकात नाक्यावर मागितले तेही नाही म्हटले. भरले डबे तसेच ठेवून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे आणि आपल्या घरोघरी ती सांगितली जाते.

पण या हकीकतीतली एक गोष्ट आपण सांगताना सोडून देतो. रामजी सुभेदार गोरेगावला होते कशासाठी? तेथे सरकारने दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या तलावाच्या कामावर ते रोखपाल होते. हजारोंनी माणसे अन्नपाण्यावाचून मरत होती. म्हणजे त्या दिवशी चार मुलांच्या वाट्याला दोन कोरडेपणा एकदम आले. एक आभाळाचा, दुसरा माणसांचा. आभाळाने संपूर्ण मुलूख कोरडा ठेवला होता. माणसांनी त्यातही नेमकी चार मुले निवडून कोरडी ठेवली.

मसूरच्या फलाटावर आमच्यातल्या एका मुलाने पाण्याची बाटली काढली आणि न पिता हातातच धरून ठेवली. कोणी काही बोलले नाही.

दुष्काळ कुठून येतो

1899-1900 चा तो दुष्काळ, त्याआधीचा 1876-78 चा, आणि आपल्या आईवडिलांनी सोसलेला 1972 चा. खडी फोडण्याची कामे, सुकडी, लाल मिलोची भाकरी या गोष्टी वस्तीतल्या वयस्कर बायका आजही सांगतात. या तिन्ही वेळी एक गोष्ट समान होती. आपल्यापासून हजारो मैल दूर प्रशांत महासागरात एल निनो होता.

दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यापुढचे समुद्राचे पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापते. तेथील कोळ्यांनी त्याला एल निनो हे नाव दिले. पाणी जेथे तापते तेथे हवा वर चढते, आणि वर गेलेली हवा दुसरीकडे कुठेतरी खाली उतरतेच. एल निनोच्या वर्षी ती बरेचदा आपल्या बाजूला उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, गरम होते, ढग विरतात. सह्याद्रीमागे जे डोंगर करतो, तेच एल निनो सबंध देशावर करतो. मात्र प्रत्येक एल निनोला दुष्काळ पडतोच असे नाही. 1997 साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस नेहमीसारखा झाला. समुद्र, वारा, बर्फ अशी अनेक कारणे एकत्र येतात. एका कारणावर सारे ढकलायचे नाही, कारणांची साखळी पाहायची, हीच तर प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण.

1904 साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी हे कोडे सोडवायला घेतले. ते मूळचे गणिती. जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी जुळवून त्यांनी दाखवले की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर घटतो आणि उलटही होते. जणू तराजूची दोन पारडी. आज पावसाचा जो अंदाज आपण रेडिओ-टीव्हीवर ऐकतो, त्याच्या पायात त्यांच्या या कामाचा दगड आहे.

तरीही पाऊस न पडणे आणि माणसे मरणे यात अंतर आहे. 1876-78 च्या दुष्काळात लोक भुकेने मरत असताना या देशातून धान्याची निर्यात चालू होती. त्याच काळात 1877 साली सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. एल निनो दोघांसाठी एकच होता. ऋतुनियम एक, कर्म दोन.

आता हवाच बदलते आहे

खटावला रात्री तात्यांच्या अंगणात बसलो होतो. आकाशात चांदणे, आणि कालच आम्ही महाडला भिजलो होतो. तात्या म्हणाले, "आमच्या लहानपणी पाऊस कमी असायचा, पण रीतीनं यायचा. आता महिनाभर येत नाही आणि आला की बांध फोडून जातो."

तात्यांचे म्हणणे नुसते वयाचे बोलणे नव्हे. आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. हवा म्हणजे रोजकीर्द. आज किती पाऊस, उद्या किती ऊन. हवामान म्हणजे तीस-तीस वर्षांच्या नोंदींचा ताळेबंद. रोजकीर्दीत एखादी रक्कम कमीजास्त झाली तर घाबरू नये. पण ताळेबंदच बदलू लागला तर धंद्यात काहीतरी मुळातून घडते आहे असे समजावे. आता ताळेबंद बदलतो आहे.

कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज 420 च्या वर गेले आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसाने ही भर घातली. हा वायू पृथ्वीची उष्णता गोधडीसारखी धरून ठेवतो. गोधडी जाड होत गेली, तशी पृथ्वी तापत गेली. आणि हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणून ती वाफ जास्त वेळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात 2017 साली दाखवण्यात आले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. महाराष्ट्रही त्या पट्ट्यात येतो. मुंबईकरांना 26 जुलै 2005 आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला 74.

येथे आम्हाला पुन्हा बाबासाहेबांची ती मांडणी आठवली. आजवर ऋतुनियम वेगळा आणि माणसाचे कर्म वेगळे होते. आता माणसाचे कर्म धूर होऊन ऋतुनियमात मिसळले आहे. त्यातही पाहा, ज्याच्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा त्याने या धुरात किती भर घातली? पण पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याची रात्र तोच काढतो, नाल्याकाठी पहिले पाणी त्याच्याच घरात शिरते. गावकुसाबाहेर, उताराला, नदीकाठी, नाल्याकाठी जागा कोणाच्या वाट्याला आली हे आम्ही आपल्या वाचकांना सांगायला नको. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती आदिवासी ठाकर बांधवांची वाडी होती.

माणदेशात आता उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांचे पाणी पोहोचू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण कालव्याचे पाणी जमिनीला मिळते. ज्याला जमीनच नाही, त्याने ओंजळ कुठे धरायची? 1927 चा प्रश्न रूप बदलून तेथेही उभा आहे.

आपण काय करावे

हळहळून भागणार नाही. प्रवासातून परतल्यावर मंडळाच्या बैठकीत आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या सर्व वाचक कुटुंबांसाठी देत आहोत.

पहिली गोष्ट, हवामान खात्याचे शब्द शिकून घ्या. चोवीस तासांत 64.5 मिलीमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अतिजोरदार, 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुटी एवढाच अर्थ नाही. उताराखालच्या आणि नदीकाठच्या लोकांनी त्याच दिवशी उजेडात सुरक्षित जागी जायचे, असा त्याचा अर्थ.

दुसरी, डोंगराची भाषा ओळखा. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे ही दरडीची पूर्वचिन्हे आहेत. दिसताच वस्ती सोडावी आणि तलाठी-तहसीलदारांना लेखी कळवावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

तिसरी, ग्रामसभेत आपल्या वस्तीचा प्रश्न ठरावाने मांडा. धोकादायक उतारावरची वस्ती हलवायची तर ती गावाच्या पाण्यापासून, शाळेपासून दूर फेकली जाता कामा नये. सुरक्षित जागेच्या नावाखाली नवा गावकुसाबाहेरचा वाडा नको.

चौथी, मुलांच्या हाती पर्जन्यमापक द्या. सरळ भिंतीचा डबा मोकळ्या जागेत ठेवून सकाळी पट्टीने पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. आम्ही महाडला वाटलेल्या वह्यांपैकी एक वही तेथील शाळकरी मुलांनी याच कामाला ठेवली आहे. ज्या वस्तीकडे आपल्या पावसाच्या नोंदी आहेत, तिचे म्हणणे कचेरीत सहज उडवून लावता येत नाही, हे आम्ही कचेरीतील अनुभवाने सांगतो.

आणि पाचवी, पावसासाठी बेडकांची लग्ने, धोंडी, नवस यांत एक पैसाही घालू नका. तो पैसा मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकाला लावा.

रामजी सुभेदार दुष्काळी तलावाचा हिशेब लिहीत होते. त्यांचे चिरंजीव 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजना त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आल्या. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी बजावले होते की जास्त पाणी हे संकट मानणे चूक आहे, माणसाचे हाल पाण्याच्या अभावाने जास्त होतात, म्हणून पाणी साठवून सर्वांच्या उपयोगी आणले पाहिजे. मसूरच्या वाटेवर पाण्यावाचून झोपलेला मुलगा मोठा होऊन देशाच्या पाण्याचा विचार करतो, हा आपला वारसा आहे.

तो वारसा चालवायचा तर आपल्या मुलामुलींनी हवामानशास्त्र, भूगर्भशास्त्र, पाटबंधारे यांच्या शिक्षणाकडे वळले पाहिजे. आपल्या घरातून शिक्षक झाले, वकील झाले, अधिकारी झाले. आता वारा आणि पाऊस मोजणारे, डोंगर तपासणारे, धरणाचे पाणी कोणत्या शेताला आणि कोणत्या नळाला जाईल हे ठरवणारेही झाले पाहिजेत. आकाशातले पाणी कोणाचेच नसते. ते जमिनीवर आल्यावर सर्वांचे व्हावे, यासाठी महाडचा लढा होता, आणि तो अजून चालू आहे.

जय भीम!